विरोधी बाकावर घडलेला नेता

(तुळजापूर येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आई भवानीच्या या नगरीत गोपीनाथराव मुंडे यांच्याविषयी बोलायचे, तर त्यांच्या मंत्रिपदापासून आरंभ करावा अशी आपली अपेक्षा असेल. मी विरोधी बाकापासून आरंभ करणार आहे. 2024च्या निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला विधानसभेच्या एकदशांश जागा मिळाल्या नाहीत आणि त्यानंतरच्या पहिल्या अधिवेशनांत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामीच राहिली. आपल्यापैकी काहींना त्याचा आनंद झाला. मला झाला नाही, कारण आपला लोकनेता त्याच खुर्चीवर घडला.

परळी तालुक्यातील नाथ्रा या गावी, शेतकरी कुटुंबात, 12 डिसेंबर 1949 रोजी त्यांचा जन्म झाला. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्रमोद महाजन भेटले, विद्यार्थी परिषदेचे काम अंगावर आले, आणीबाणीत नाशिकचा कारावास घडला. वसंतराव भागवतांसारख्या संघटकाने त्यांना पारखले. 1980 साली ते रेणापूरमधून विधानसभेत गेले, तेव्हा भाजपचे आमदार होते अवघे 14. पुढच्याच निवडणुकीत ते पराभूत झाले. पराभव म्हणजे काय हे तुळजापूरच्या जुन्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. या मतदारसंघाने भाजपचा आमदार दिला तो 2019 साली.

1990मध्ये भाजपचे 42 आणि शिवसेनेचे 52 आमदार होते, त्यामुळे विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींकडे गेले. डिसेंबर 1991मध्ये छगन भुजबळ बाहेर पडले, शिवसेनेचे संख्याबळ घटले आणि आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी मुंडे विरोधी पक्षनेते झाले. मित्रपक्षाच्या जखमेवर उभे राहून मिळालेले ते पद होते. युती टिकवायची आणि नेतृत्वही करायचे, अशी ती कसरत होती.

तिची खरी परीक्षा झाली नामांतराच्या प्रश्नावर. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपल्याच बांधवांची घरे आपल्याच गावकऱ्यांनी जाळली. ही लाज अजून धुऊन निघालेली नाही. आमच्या घरात या प्रश्नावरून वडील आणि काका दोन वर्षे एका पंक्तीला बसले नाहीत. अशा मराठवाड्यातून निवडून येणाऱ्या नेत्याने गप्प राहणे सोयीचे होते. शिवसेनेचा विरोध उघड होता, मतदारही दुभंगलेला होता. मुंडे नामांतराच्या बाजूने उभे राहिले. 14 जानेवारी 1994 रोजी शरद पवारांच्या सरकारने नामविस्तार केला, तेव्हा सरकारला कोंडीत पकडण्याची आयती संधी चालून आली होती. विरोधी पक्षनेत्याने ती घेतली नाही.

आणि त्याच काळात, त्याच पवारांविरुद्ध, राजकारणाच्या गुन्हेगारीकरणावर बोट ठेवत त्यांनी संघर्षयात्रेने महाराष्ट्र ढवळून काढला! कोठे सोबत राहायचे आणि कोठे तुटून पडायचे, हा विवेक त्या खुर्चीने शिकवला असे मला वाटते.

1995मध्ये भाजपला 65 जागा मिळाल्या, युतीचे सरकार आले, मुंडे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा 1999चा, त्यांच्याच कारकिर्दीतला. मात्र एन्रॉनचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांच्याच समितीच्या शिफारशीवरून ऑगस्ट 1995मध्ये करार रद्द झाला आणि जानेवारी 1996मध्ये फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा मंजूर झाला. विरोधात असताना जे ठाम बोलले गेले, ते सत्तेत तितके ठाम राहिले नाही. त्या वेळी अनेक कार्यकर्त्यांना लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणे जड गेले होते.

1999 साली सत्ता गेली. पुन्हा तेच विरोधी बाक, तेही दहा वर्षे, आणि मग 2009मध्ये लोकसभा. 26 मे 2014 रोजी ते केंद्रात ग्रामविकासमंत्री झाले. आठव्या दिवशी, 3 जूनला, दिल्लीतील अपघाताने त्यांना नेले. त्याच ऑक्टोबरात विधानसभेत भाजपचे 122 आमदार निवडून आले. त्यांतले कितीतरी जण प्रथमच सभागृहात पाऊल ठेवत होते; विरोधी बाक त्यांनी पाहिलेच नव्हते.