ज्युदोचे जनक : जिगोरो कानो

ज्युदो जगाला देणारे जिगोरो कानो,
१८६० साली जपानमधल्या मिकागे गावी जन्मले.
अंगकाठी किरकोळ. शाळेतली दांडगी मुलं त्यांना छळत.
म्हणून तरुणपणी ते जुजुत्सू ही झुंजीची जुनी विद्या शिकू लागले.

तिचं मर्म, श्रोतेहो, नीट ऐका.
प्रतिस्पर्धी ढकलतो, तेव्हा त्याला उलट ढकलायचं नाही.
किंचित मागं सरायचं.
तो पुढं झुकतो… त्याचा तोल जातो…
आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला फेकायचं.
जोर कमी, परिणाम मोठा.

१८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात,
अवघ्या बारा चटयांच्या जागेत,
कानोंनी जुजुत्सूतून घडवलेला ज्युदो शिकवण्यासाठी कोदोकान ही शाळा काढली.
घातक डाव त्यांनी मोकळ्या लढतीतून वगळले.
इजा न होता पडायचं कसं, हेही शिकवलं.
हे त्यांचं सर्वांत मोठं काम.
त्यामुळंच शाळकरी मुलांनाही ही विद्या शिकता आली.
जोर कमी, परिणाम मोठा, हे सूत्र मात्र कायम राहिलं.

कानो पेशानं शिक्षक होते.
१९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले.
त्यांचे शिष्य शिंझो ताकागाकी,
रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले होते.

१९३८ साली ऑलिंपिक समितीच्या कैरोतल्या बैठकीहून मायदेशी परतताना,
जहाजावरच कानोंचं निधन झालं.
ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला, तो १९६४ साली, तोक्योत.
महिलांच्या ज्युदोला ऑलिंपिकमध्ये पदकं मिळू लागली, ती १९९२ पासून.