चार रंगांत कृष्णेचें खोरें

पांचगणीच्या कड्यावरून उत्तरेस पाहिलें म्हणजे कृष्णेचें खोरें हळूहळू उलगडत जातें. पायांखालीं तांबडा जांभा, त्याच्या खालीं काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, मध्यें शेतें आणि धोम धरणाचें पाणी, पलीकडे कमळगड व त्यामागें फिकट होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा. हें दृश्य तैलरंगांत उतरविण्यासाठीं नवशिका चित्रकार वीस-पंचवीस नळ्या विकत घेतो, आणि तेथेंच बहुधा त्याचें चित्र बिघडतें. नळींतला तयार हिरवा, नळींतला जांभळा, जो तो आपलाच सूर ओरडून सांगूं लागतो. दूरचा डोंगर जवळच्या शेताच्या पंक्तीस येऊन बसतो, आणि खोऱ्याची खोली नाहींशी होऊन नाटकाचा पडदा तेवढा उरतो.

श्रोतेहो, या कामास चार रंग पुरतात: पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा. स्वीडनचा चित्रकार आंदर्स झोर्न (१८६०–१९२०) पांढरा, ऑकर, हिंगुळ व काळा एवढ्यांवरच काम करी, अशी त्याची ख्याति आहे. त्याचें तें पॅलेट मानवी चेहऱ्यास उत्तम. पण जेथें हवा हाच मुख्य विषय, तेथें निळ्यावांचून चालत नाहीं. एके काळीं अफगाणिस्तानांतील लाजवर्द दगड कुटून हा निळा काढीत, व तो अतिशय महाग पडे. १८२८ सालीं फ्रान्समध्यें गिमे या रसायनज्ञास कृत्रिम अल्ट्रामरीनबद्दल पारितोषिक मिळालें, तेव्हांपासून तो सामान्यांच्या हातीं आला.

राहिलेल्या दोन मातींचें नातें तर या भूमीशींच आहे. दोहींचा रंग लोहाच्या गंजाचा. जांभाही तसाच: पावसानें पाषाण कुजून इतर द्रव्यें वाहून जातात, लोह मागें राहतें. डोंगर ज्यानें तांबडा झाला, त्यानेंच चित्रकार तो रंगवितो!

आरंभीं सिएनांत टर्पेंटाईन मिसळून पातळ रेखाटन करावें. सावल्या त्याच वेळीं ठरवून टाकाव्या. ऊन दीड तासांत फिरतें, त्याच्यामागें धांवूं नये. मग सर्वांत दूरच्या रांगेपासून सुरुवात करावी. पुष्कळ पांढरा, थोडा निळा, आणि कुंचल्याच्या टोंकावर मावेल इतकाच ऑकर. ही रास पॅलेटवरून पुसूं नये. अलीकडच्या रांगेसाठीं तिच्यांतलाच भाग घेऊन सिएना व निळा वाढवावा, म्हणजे सर्व डोंगर एकाच घरचे दिसतात. कड्यांच्या कपारींसाठीं अल्ट्रामरीन व सिएना दाट मिसळले कीं पुरे. नळींतल्या काळ्याहून तो अंधार अधिक जिवंत असतो. मात्र वरच्या थरांत जवसाचें तेल खालच्यापेक्षां अधिक असावें, नाहीं तर पुढें रंगास भेगा पडतात.

या चौघांनाही मर्यादा आहे. ऑकर आणि निळा मिळून ओशाळलेला हिरवा निघतो. मार्गशीर्षांतल्या वाळत्या गवतास तो शोभतो, श्रावणास नाहीं. हीच कृष्णा पुढें कऱ्हाडावरून सांगलीस पोंचते. तेथली काळी जमीन याच रंगांत साधते, १९२९ सालचा आयर्विन पूलही साधतो. पण बाजारांतील हळदीच्या राशीपुढें ऑकर मातकट दिसतो. तेथें कॅडमियम पिवळ्याची नळी खुशाल उघडावी.

सातारा जिल्ह्यांत राहून हें शिकूं इच्छिणारानें औंधचें श्रीभवानी संग्रहालय अवश्य पाहावें. स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं तें १९३८ सालीं उभारलें. तेथील तैलचित्रांपुढें दहा मिनिटें उभें राहून, प्रत्येकांत मूळ रंग किती वापरले असतील, हें बोटांवर मोजून पाहावें.