प्रवाळभित्ती : समुद्रातील भांडवल आणि संशोधनाची दिशा

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



लक्षद्वीप हा भारतातील सर्वात लहान केंद्रशासित प्रदेश. त्याची जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर आहे. परंतु बेटांना लागून असलेल्या उथळ खाजणांचे क्षेत्र सुमारे 4,200 चौरस किलोमीटर आणि या बेटांमुळे देशाला लाभलेले अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे 4 लाख चौरस किलोमीटर आहे. 2011 च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या 64,473 होती. एवढी माणसे ज्या जमिनीवर राहतात ती जमीन खडक झिजून वा नदीच्या गाळाने तयार झालेली नाही. प्रवाळ या सूक्ष्म सजीवांनी हजारो वर्षे चुना साचवून ती घडविली आहे. म्हणूनच येथे प्रवाळांचा प्रश्न हा केवळ पर्यावरणाचा प्रश्न राहत नाही. तो निवासाचा, पाण्याचा आणि उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ हा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन तो कॅल्शियम कार्बोनेटचे कवच तयार करतो. त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल वास्तव्य करते. शैवाल प्रकाशसंश्लेषणाद्वारे अन्न पुरविते, प्रवाळ त्याला आश्रय देतो. या सहजीवनामुळे भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना उबदार, उथळ, स्वच्छ व सूर्यप्रकाशित पाणी आवश्यक असते. नद्यांच्या मुखाशी, जेथे गाळ व गोडे पाणी येते, तेथे प्रवाळ सहसा वाढत नाहीत. बंगालच्या उपसागराच्या मुख्य भूमीलगतच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रवाळभित्ती का नाहीत, याचे उत्तर येथेच मिळते.

महासागराच्या तळाचा 1 टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळभित्तींनी व्यापला आहे. तथापि ज्ञात सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्यातील कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांवर अवलंबून असतात.

संशोधनाचा प्रवास

अनुतट भित्ती, रोधक भित्ती आणि कंकणद्वीप या तीन प्रकारांचा परस्परसंबंध चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये मांडला. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतात आणि अखेरीस मधले बेट बुडून फक्त कंकण उरते, असा त्याचा सिद्धांत होता. तो पडताळून पाहण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. 1952 मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे 1,200 मीटरहून अधिक खोल छिद्र घेतल्यावर चुनखडकाखाली ज्वालामुखीय खडक आढळला. कल्पना आधी आणि साधन नंतर, हा विज्ञानाच्या इतिहासातील क्रम येथे ठळकपणे दिसतो.

हिंदी महासागरात स्टॅनली गार्डिनर यांच्या मोहिमेने 1899-1900 मध्ये मालदीव व लक्षद्वीप येथील प्रवाळांचा अभ्यास केला. पुढे 1960 च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पार्श्वभूमीवर 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. 1981 मध्ये महासागर विकास विभाग अस्तित्वात आला, 2006 मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय आकारास आले आणि जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 4,077 कोटी रुपयांच्या 'खोल महासागर मोहिमे'स मान्यता दिली. तीन व्यक्तींना 6,000 मीटर खोल नेण्यासाठी आखलेले 'मत्स्य 6000' हे यान याच मोहिमेचा भाग आहे.

खोल समुद्राचे ज्ञान आणि उथळ पाण्यातील प्रवाळ यांचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर कवरत्ती येथे मिळते. कंकणद्वीपाच्या बाहेरचा उतार अतिशय तीव्र असतो. त्यामुळे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुमारे 350 मीटर खोलीचे थंड पाणी उपलब्ध होते. पृष्ठभागावरील उबदार पाण्याची कमी दाबाखाली वाफ करावयाची आणि खालच्या थंड पाण्याने ती थंड करून गोडे पाणी मिळवावयाचे, या तत्त्वावर चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्ये कवरत्तीला दररोज 1 लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. ज्या बेटावर पावसाचे झिरपलेले पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराच्या रूपात तरंगते, तेथे या 1 लाख लिटरचे मोल वेगळे सांगावयास नको.

भारतातील प्रवाळक्षेत्रे

देशातील प्रमुख प्रवाळक्षेत्रे चार आहेत: कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप. उपग्रह सर्वेक्षणानुसार त्यांचे एकत्रित क्षेत्र सुमारे 2,375 चौरस किलोमीटर मानले जाते. कच्छच्या आखातात 1982 मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. 1986 मध्ये मन्नारच्या आखातातील 21 बेटांना तो दर्जा मिळाला. महाराष्ट्रात मालवण येथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरहून अधिक किलोमीटर अंतरावर पाण्याखाली असलेल्या 'आंग्रिया बँक' या पठारावरही प्रवाळ आढळतात. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते ओळखले जाते.

मन्नारचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. तेथे दीर्घकाळ बांधकाम व चुन्यासाठी प्रवाळ खणून काढले गेले. लाटा अडविणारी भित्ती गेली, धूप वाढली आणि पूवरसनपट्टी व विलंगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली. 2001 मध्ये भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये समावेश झाला. ज्यांनी प्रवाळ विकले त्यांना त्याचा बाजारभाव मिळाला. बेटाची किंमत मात्र कोणत्याही व्यवहारात नोंदली गेली नाही.

अर्थशास्त्राच्या चौकटीतून

अर्थशास्त्रात याला 'बाह्यता' म्हणतात. प्रवाळभित्ती ही निरनिराळ्या सेवा पुरविते. जगभरातील निरीक्षणांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार भित्ती लाटांची सरासरी 97 टक्के ऊर्जा शोषून घेतात. हेच काम करणारी काँक्रीटची भिंत बांधली, तर तिचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. प्रवाळांचे काम दिसत नाही.

लक्षद्वीपमधील ट्यूना मासेमारी हे दुसरे उदाहरण होय. काठी व गळाच्या या पद्धतीत मच्छीमार आधी खाजणातून लहान मासे पकडतात, ते जिवंत ठेवतात आणि खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसताच आमिष म्हणून टाकतात. म्हणजे खुल्या समुद्रातील उत्पन्नाचा पाया खाजणातील प्रवाळांत आहे. खाजणात गाळ उपसणे वाढले वा प्रवाळ मेले, तर तोटा नौकेच्या हिशेबात काही काळाने उतरतो.

येथे कालावधीचा मुद्दा निर्णायक ठरतो. 50 वर्षांनंतर मिळणाऱ्या 100 रुपयांचे आजचे मूल्य 10 टक्के वटावदराने 1 रुपयाहूनही कमी भरते; 3 टक्के दराने ते सुमारे 23 रुपये होते. गोलाकार, भरीव प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते 2 सेंटीमीटर वाढतो. अशा संथ भांडवलाचे मूल्यमापन उच्च वटावदराने केले, तर प्रत्येक धक्का आणि प्रत्येक धावपट्टी कागदावर फायदेशीर दिसेल. याचा अर्थ बेटांवर सुविधा नकोत असा नाही. रुग्णालय, बंदर आणि रोजगार हा तेथील नागरिकांचाही हक्क आहे. मुद्दा एवढाच की खर्चाच्या बाजूला भित्तीची नोंद असली पाहिजे.

विरंजनाचे संकट

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा सुमारे 1 अंश सेल्सिअसने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हेच विरंजन. लक्षद्वीपने 1998, 2010, 2016 व 2024 मध्ये असे मोठे आघात अनुभवले. अगत्ती, कदमत व कवरत्ती येथील दीर्घकालीन अभ्यासानुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन 1998 मधील सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 मध्ये 20 टक्क्यांखाली आले. बंगारम कंकणद्वीपातील परळी-1 हे निर्जन बेट धूप होऊन नाहीसे झाल्याचे 2017 मधील एका अभ्यासात नोंदले गेले.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या तापमान नोंदींवरून विरंजनाची पूर्वसूचना देते. प्रवाळांचे प्रत्यारोपण आणि कृत्रिम भित्तींचे प्रयोग मन्नार व कच्छमध्ये झाले आहेत. हे प्रयत्न मोलाचे असले तरी त्यांची मर्यादा स्पष्ट आहे. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या 2018 च्या अहवालानुसार तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखली तरी जगातील 70 ते 90 टक्के प्रवाळभित्ती नष्ट होण्याचा धोका आहे. 2 अंशांवर हे प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक होते. लक्षद्वीपच्या मच्छीमाराने या वाढीत घातलेली भर नगण्य आहे. किंमत मात्र प्रथम त्यालाच मोजावी लागते.

समारोप

स्थानिक आणि जागतिक जबाबदारीत येथे भेद करणे आवश्यक आहे. समुद्र किती तापेल हे एकटा देश ठरवू शकत नाही. परंतु तापलेल्या समुद्रातून सावरण्याची संधी प्रवाळांना द्यावयाची की नाही, हे देशाच्या हाती आहे. गाळ, सांडपाणी, अतिरिक्त मासेमारी आणि खाजणातील उपसा यांवरील नियंत्रण ही ती संधी होय. त्यासाठी दरवर्षी, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने केलेल्या नोंदी लागतात. अशा कामाला प्रसिद्धी कमी मिळते, पण धोरण त्यावरच उभे राहते.

उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याच्या टेबलावर बेटावरील प्रकल्पाची फाइल येईल. तिच्यातील लाभ-खर्चाच्या तक्त्यात भित्तीसाठी रकाना आहे का, हे प्रथम पाहावे. तो नसेल, तर तक्ता अपूर्ण आहे असा शेरा लिहिण्याचे धैर्य हीच या अभ्यासाची खरी परीक्षा ठरेल.