नाव एक, फाइली दोन
(प्रशिक्षण वर्गातील भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या भाषेवर मी बोलावे, याचे माझे मलाच नवल वाटते. परंतु आमच्या कार्यालयात घडलेला एक प्रसंग आपणां सर्वांच्या उपयोगाचा आहे.

पायथॉन ही गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली भाषा. नेहमी लागणारी कामे तिच्यात बहुधा स्वतंत्र फाइलींत लिहून ठेवलेली असतात. त्यांस मॉड्यूल म्हणतात. ‘कॅलेंडर’ हे असेच, भाषेसोबत मिळणारे मॉड्यूल. आज्ञावलीच्या आरंभी ‘इम्पोर्ट कॅलेंडर’ असे लिहिले, की त्यातील ‘मंथरेंज’कडून महिन्याचे दिवस कळतात, २०२४ चा फेब्रुवारी विचारला तर २९.

मानधनाची यादी करताना आमच्या आज्ञावलीने मात्र ‘कॅलेंडरमध्ये मंथरेंज नाही’ अशी तक्रार केली. यादी त्याच दिवशी पाठवावयाची होती. दोन तास आम्ही भाषेलाच दोष देत बसलो! अखेर उलगडा झाला. एका सहकाऱ्याने सुट्ट्यांचा हिशेब करणारी आपली पायथॉनची फाइल त्याच फोल्डरमध्ये ‘कॅलेंडर’ याच नावाने ठेवली होती.

इम्पोर्टचा शोध ठरलेल्या क्रमाने चालतो. मागितलेले मॉड्यूल आधीच स्मृतीत आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. नसल्यास, भाषेच्या गाभ्यातील मोजकी मॉड्यूले वगळता, शोध सुरू होतो तो चालू आज्ञावलीच्या फोल्डरपासून. भाषेचा ग्रंथसंग्रह त्यानंतर आणि बाहेरून आणून बसविलेली मॉड्यूले सर्वांत शेवटी. नाव जुळले की शोध थांबतो. दारातच गणपत भेटला, तर तालुक्याच्या गणपतरावांकडे कोण जाणार? आमच्या सहकाऱ्याच्या फाइलीत योगायोगाने ‘मंथरेंज’ असते, तर तक्रारही न होता चुकीचे आकडे यादीत गेले असते. मला भीती वाटते ती याचीच.

‘फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट’ असे लिहून एकटा ‘डेट’ हा क्लासही मागता येतो. त्यामुळे काम हलके होते, असा समज आढळतो. तो खरा नव्हे. मॉड्यूल संपूर्ण वाचले जाते. आपल्या हाती नाव तेवढे एक येते.

आम्ही त्या फाइलीचे नाव बदलले, तरी तक्रार कायम! स्मृतीत जुनेच मॉड्यूल बसले होते. पायथॉन बंद करून पुन्हा सुरू केले, तेव्हा कोठे यादी तयार झाली. २०२४ मध्ये आलेली ३.१३ ही आवृत्ती अशा प्रसंगी फाइलीचे नाव बदलण्याची सूचना बहुधा आपण होऊनच देते. आमच्या यंत्रावर त्या दिवशी जुनी आवृत्ती होती.