कोंबड्या कशानं मेल्या?

(कोल्हार येथे परिसरातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि मालमत्तेचा हक्क' असा विषय छापला आहे. तुम्हाला वाटलं असेल, ही आता सातबाऱ्यावर बोलणार, वारसा हक्कावर बोलणार. तेही बोलायलाच हवं. पण आज मी कोंबड्यांवर बोलणार आहे. हसू नका. आपल्यापैकी किती जणींच्या नावावर जमीन आहे, त्यांनी हात वर करा. मोजून सहा हात. आता किती जणींच्या घरी कोंबड्या आहेत? बघा, मागच्या रांगेपर्यंत हात वर आहेत. म्हणजे आपल्या खऱ्याखुऱ्या मालमत्तेवरच मी बोलणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका वस्तीवरून मला निरोप आला. निरोप कोंबड्यांचा नव्हता, भांडणाचा होता. दोन बायकांची मारामारी झाली, एकीचं डोकं फुटलं, पोलिसात जायच्या आधी ताईंना बोलवा, असा. मी दोघींची नावं सांगणार नाही. एक आपल्या गटातली, नवऱ्यानं टाकलेली, दोन मुलींना घेऊन आईच्या घराशेजारी खोली बांधून राहणारी. दुसरी तिची शेजारीण, साठीच्या पुढची, विधवा, एकटी. तिला सगळे मावशी म्हणतात.

झालं होतं असं. पहिलीकडे तेवीस गावरान कोंबड्या होत्या. सोमवारी सकाळी खुराडं उघडलं तर दोन मरून पडलेल्या. मंगळवारी सात. बुधवारी संध्याकाळपर्यंत तेवीसातल्या चार उरल्या. तीन दिवसांत एकोणीस. आणि गुरुवारी तिची चुलतभावजय म्हणाली, "ती म्हातारी रविवारी तुझ्या खुराड्यापाशी उभी होती. तिनंच काहीतरी टाकलं." कुणी म्हणालं विष टाकलं, कुणी म्हणालं करणी केली. संध्याकाळी भांडण पेटलं आणि मावशीच्या कपाळाला चार टाके पडले.

मी गेले, दोघींना वेगवेगळं बसवलं, जसं आम्हाला शिकवलेलं असतं तसं. पहिली सारखी एकच म्हणत होती, "ताई, कोंबड्या गेल्या तं गेल्या, पण हिनं माझ्या पोटावर पाय दिला." मला आधी ते नीट कळलं नाही. मग हिशेब मांडला. रोजची सात-आठ अंडी. गावरान अंड्याला दहा-बारा रुपये. थोरलीचा लोणीच्या कॉलेजला जायचा एसटीचा पास, धाकटीच्या वह्या, तेल-मीठ, गटाचा महिन्याचा हप्ता, सगळं त्यातून. शिवाय अडीनडीला कोंबडी विकली की चार-पाचशे रुपये हातात. नवऱ्याकडून पोटगीचा एक पैसा नाही. एकोणीस कोंबड्या म्हणजे तिची बँक होती, आणि ती तीन दिवसांत बुडाली.

इथं मला माझी एक चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटगीच्या अर्जासाठी मीच तिची माहिती भरून घेतली होती. 'मालमत्ता' या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं होतं. अंगणात त्या वेळी कोंबड्या फिरत होत्या. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, बायकांच्या न मोजलेल्या कामावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली. पण मलाही त्या कोंबड्या दिसल्या नाहीत. आणि जे मोजलंच नाही ते गेलं, तर गेलं म्हणून नोंदही होत नाही.

मग मी मावशीकडे गेले. तिच्या दारात रिकामं डालगं उपडं पडलं होतं. मी विचारलं, "मावशी, तुमच्या कोंबड्या कुठं आहेत?" ती म्हणाली, "मेल्या. सहाच्या सहा. तिच्या मंगळवारी मेल्या, माझ्या बुधवारी." मी म्हटलं, मग हे तुम्ही सांगितलं का नाही? म्हणाली, "सांगितलं ना. तर म्हणाले, संशय येऊ नये म्हणून म्हातारीनं आपल्याही मारल्या."

बायांनो, संशयाचं हे असं असतं. त्याला पुरावा दिला तर तो पुरावाही तो गिळून टाकतो. आणि संशय जातो कुणाकडे? सरपंचाकडे जात नाही, फवारणी करणाऱ्या बागायतदाराकडे जात नाही. एकट्या बाईकडे जातो, म्हातारीकडे, विधवेकडे, टाकलेलीकडे. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. एखादी बाई करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा टाके पडल्यावर येतो. टाके पडू नयेत म्हणून एक साधा प्रश्न आधी विचारायला हवा होता: कोंबड्या कशानं मेल्या?

तो प्रश्न घेऊन आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तोवर उशीर झाला होता. मेलेल्या कोंबड्या कुणी चारीत फेकल्या, कुणी पुरल्या, दोन-तीन घरांनी मरायला टेकलेल्या कापून खाल्ल्या. डॉक्टर म्हणाले, "तपासायला पक्षीच नाही, तर मी खात्रीनं काय सांगू?" मग त्यांनीच प्रश्न विचारले. हगवण कोणत्या रंगाची होती? हिरवट. तोंड उघडून श्वास घेत होत्या का? होय. माना वाकड्या झाल्या का, पंख-पाय लुळे पडले का? दोघींच्या झाल्या होत्या. नवीन कोंबडी आणली होती का? तेव्हा आठवलं. आठवड्यापूर्वी तिनं बाजारातून दोन तलंगा आणल्या होत्या. पहिल्यांदा मेल्या त्या त्याच दोन. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मानमोडी असावी. पण 'बहुतेक'च.

मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला १९२७-२८ च्या सुमारास हा रोग आपल्या देशात ओळखला गेला, म्हणून हे नाव. इंग्लंडात त्याला न्यूकॅसल म्हणतात, तिथं तो १९२६ साली सापडला. म्हणजे रोग ओळखून शंभर वर्षं होत आली. त्याच्यावर लस आहे. ती आपल्या राज्यातच, पुण्याच्या औंधला सरकारी संस्थेत तयार होते. आणि तरी कोल्हारच्या वस्तीवर तीन दिवसांत गल्ली साफ होते, आणि बाया म्हणतात, करणी.

असं का होतं, याचं एक कारण मला डॉक्टरांच्या फ्रिजपाशी कळलं. लसीची कुपी शंभर किंवा दोनशे पक्ष्यांची असते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्याची पाच हजारांची पोल्ट्री आहे त्याला हे सोयीचं. जिच्याकडे बारा कोंबड्या आहेत तिच्यासाठी कोण कुपी फोडणार? लस आहे, पण ती शेडच्या मापाची आहे, अंगणाच्या मापाची नाही. आणि अंगणातली पोल्ट्री काही थोडीथोडकी नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातले सुमारे पंच्याऐंशी कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली जवळजवळ बत्तीस कोटी घरच्या अंगणातली होती.

दुसरी गोष्ट भरपाईची. १८ फेब्रुवारी २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ, हातेड या भागात तो घरगुती कोंबड्यांत सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आठ-नऊशे कोंबड्या मेल्या, त्या बचत गटाच्या पोल्ट्रीतल्या होत्या. त्या वेळी राज्यात दर जाहीर झाले: आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या पक्ष्याला ९० रुपये, मांसासाठी वाढवलेल्या मोठ्या पक्ष्याला ७०, लहान पिलाला २०, अंड्याला ३ रुपये. बाजारात चारशेला जाणाऱ्या गावरान कोंबडीला ९० रुपये! आणि हे पैसेसुद्धा सरकारनं मारलेल्या पक्ष्याचे. रोगानं आधीच मेलेल्या पक्ष्याचे नाहीत. मानमोडीनं मेली तर काहीच नाही.

याचा परिणाम काय होतो, ते आपण बायका पटकन ओळखतो. मर सुरू झाली की शहाणी बाई कळवत नाही, उरलेल्या घाईघाईनं विकून टाकते किंवा बहिणीच्या गावाला पाठवते. तिला दोष देऊ नका. पण तिच्या पिशवीतून रोगही त्या गावाला जातो. आपल्या बाजारातून त्या दोन तलंगा बहुधा अशाच कुणा नडलेल्या बाईनं विकल्या असतील.

आता कामाचं बोलते. पक्षी अचानक मेले तर काय करायचं, हे घरी जाऊन शेजारणीला सांगा.

एक, आधी पाहा आणि लक्षात ठेवा. किती मेल्या, कोणत्या दिवशी, हगवण कशी, मान कशी. शेजारीही मेल्या का, हे विचारा. गल्लीभर मर असेल तर रोगाचा संशय धरा. एकाच घरच्या, तासाभरात, शेतातून चरून आल्यावर मेल्या तर औषध लावलेलं बियाणं, फवारणी, उंदराचं औषध आठवा. मे महिन्यात पत्र्याच्या खुराड्यात भर दुपारी मेल्या तर उष्म्यानंही मेल्या असतील. तुरा निळा-काळा पडला, डोकं सुजलं, एकदम खूप मेल्या, तर बर्ड फ्लूची शंका धरा आणि लगेच कळवा.

दोन, मेलेली कोंबडी उघड्या हातानं धरू नका, मुलांना धरू देऊ नका. हाताला प्लास्टिकची पिशवी, नाकातोंडाला पदर. आजारी कोंबडी कापून खाऊ नका. मला माहीत आहे, जीव तळमळतो. पण सोलणार कोण, साफ करणार कोण? आपणच. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत हरियाणाच्या एका लहान मुलाचा बर्ड फ्लूनं मृत्यू झाला, तो देशातला पहिला.

तीन, पुरायच्या आधी दवाखान्याला कळवा. १९६२ हा फोन नंबर जनावरांच्या दवाखान्यासाठी आहे. नुकताच मेलेला पक्षी त्यांना तपासायला मिळाला तरच कारण कळतं. बाकीच्या विहिरीपासून, चारीपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. २००९ च्या केंद्रीय कायद्यानं अशा साथीची खबर देणं ही मालकाची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. तेव्हा तोंडी सांगून थांबू नका, ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या.

चार, नवी कोंबडी आणली की निदान दोन आठवडे वेगळ्या डालग्यात, वेगळ्या पाण्यावर ठेवा.

आणि पाच, लस. इथं आपला गट कामाला येतो. एकीच्या बारा कोंबड्यांसाठी कुपी फुटत नाही, पण पंधरा घरांच्या मिळून दीडशे होतात. आम्ही त्या वस्तीवर तेच केलं. पावसाळ्याच्या तोंडाला जगल्या-वाचलेल्या आणि नव्यानं आणलेल्या निरोगी कोंबड्यांची यादी केली. पहाटे खुराडी उघडायच्या आधी, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी स्वतः येऊन दाखवलं. लहान पिलांना डोळ्यात थेंब, आठ आठवड्यांवरच्यांना टोचणी. दीड तासात वस्ती झाली. आफ्रिकेत मोझांबिकसारख्या देशात तर बर्फाशिवायही काही दिवस टिकणारी लस आहे. गावातल्याच शिकवलेल्या बाया दर चार महिन्यांनी घरोघर जाऊन कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकतात. तिथल्या बाईला जमतं ते आपल्याला का जमू नये?

म्हणून आज या मेळाव्यानं तीन मागण्या लिहून द्याव्यात, असं मी सुचवते. लसीच्या कुप्या लहान करा, किंवा गटांसाठी गावात लसीचा दिवस ठरवून द्या. गटातल्या बायांना थेंब टाकायचं रीतसर शिक्षण आणि त्याचा मोबदला द्या. आणि भरपाई गावरान कोंबडीच्या बाजारभावानं द्या, खबर दिल्यावर रोगानं मेलेल्या पक्ष्यांचीही द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत जनावरं सांभाळतं कोण, बाई की पुरुष, हे पहिल्यांदाच विचारलं गेलं. गणनेचा माणूस तुमच्या दारात आला तेव्हा उत्तर कुणी दिलं, ते आठवा. पुढच्या वेळी ते तुम्ही द्या.

शेवटी त्या दोघींचं सांगते. तक्रार मागे घेतली गेली. पण 'झालं गेलं विसरून जा' असं मी मावशीला म्हटलं नाही. तिच्या कपाळावर खूण आहे, ती कशी विसरेल? गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिची माफी मागितली गेली. दवाखान्याचा खर्च गटातून दिला. दोघी अजून एकमेकींच्या दारात जात नाहीत. पण लसीच्या पहाटे पहिलीला एका हातानं कोंबडी धरवेना, तेव्हा मावशी उठली, पंख आवळून कोंबडी धरली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हं, टाका थेंब."

त्या एकोणीस कोंबड्या नक्की कशानं मेल्या, हे आम्हाला कधीच कळणार नाही. पण कुणामुळे मेल्या, असं त्या वस्तीवर आता कुणी विचारत नाही. आधी विचारतात, कशानं मेल्या. आणि पोटगीच्या त्या अर्जात मी दुरुस्ती केली आहे. 'निरंक' खोडून लिहिलं आहे: गावरान कोंबड्या अकरा, मालक स्वतः.