एका खाटेजवळ एक सिस्टर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरवर मी फार संतापले होते. दाराच्या काचेतून सासूबाई हात हलवताना दिसत होत्या आणि ती मुलगी पलीकडच्या खाटेवर वाकलेली. ती बाहेर आली तशी मी तिला नको नको ते बोलले. ती एवढेच म्हणाली, "ताई, आज माझ्याकडे चार खाटा आहेत. त्यांतले दोघे व्हेंटिलेटरवर आहेत."

माझी भाची येथे तीन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम करून आता इंग्लंडात अशाच विभागात काम करते. ती माझी बाजू घेईल, असे वाटून मी तिला सारे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "मावशी, तिला चार खाटा कोणी दिल्या, ते विचारलंस का?"

तिच्याकडे, व्हेंटिलेटरवरच्या रोग्यामागे एक सिस्टर, असा दंडक आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये तिथले पंतप्रधान बोरिस जॉन्सन कोरोनाने अतिदक्षता विभागात होते. बरे झाल्यावर त्यांनी न्यूझीलंडच्या जेनी आणि पोर्तुगालचा लुईस या दोघांचे जाहीर आभार मानले, कारण ती दोघे रात्रभर त्यांच्या खाटेजवळून हलली नव्हती. तेव्हा मला वाटले होते, पंतप्रधान म्हणून एवढा थाट! पण कोणाही साध्या माणसासाठी तिथे दंडक तोच आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात या विभागात एका सिस्टरकडे दोनांहून अधिक रोगी देता येत नाहीत, तसा कायदाच आहे. जर्मनीत २०२१ पासून दिवसा दोन आणि रात्री तीन ही मर्यादा आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या रुग्णालयांसाठी केलेल्या हिशेबात खाटेमागे एक सिस्टर धरलेली आहे. कागद आपला काही कमी नाही हो!

साध्या वॉर्डात ही उणीव आपल्या ध्यानात येत नाही, कारण तिथली अर्धी सिस्टर आपणच असतो. कूस बदलणे, पेज भरवणे, भांडे देणे, सलाईन संपत आले की हाक मारणे, सारे आपण करतो. अतिदक्षता विभागाचे दार मात्र आपल्यासाठी बंद. आत घशातला कफ ओढणे, तासातासाला लघवी मोजणे, औषधाची धार कमीजास्त करणे आणि यंत्र ओरडले की धावणे, हे सारे त्या एकटीवर.

या विभागाचा जन्मच मुळी माणसाच्या हातांतून झाला. १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांसाठी पुरेशी यंत्रे नव्हती. तेव्हा डॉक्टर इब्सेन यांच्या युक्तीने वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशी बसून हाताने पिशवी दाबत राहिले. असे दिवसच्या दिवस चालले आणि पुष्कळ मुले वाचली.

शिक्षणातही फरक आहे. जर्मनीत सिस्टर झाल्यावर या विभागासाठी आणखी दोन वर्षांचे खास शिक्षण घेता येते. इंग्लंडात व्हेंटिलेटर बराचसा सिस्टरच सांभाळते. अमेरिकेत त्यासाठी श्वसनाचा वेगळा जाणकार असतो. आपल्याकडे पदवीनंतरचा दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम अलीकडे निघाला आहे. पण बहुतेक मुली कामावरच, मोठ्या सिस्टरचे पाहून शिकतात. हात बसला की यांतल्या कितीतरी परदेशी जातात. माझी भाचीही गेलीच. तिला मी काय नावे ठेवणार? तरी येथल्या चार खाटा मनातून जात नाहीत.

आपल्या साकीनाक्याच्या वस्तीतल्या एका मुलीला यंदा नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. रात्रपाळी नको म्हणून घरचे अडले आहेत. तिची आई आज येथे बसली आहे, म्हणून हे बोलले; तिने राग मानू नये.

सासूबाई अकराव्या दिवशी घरी आल्या. पुढे तपासणीला गेलो तेव्हा ती सिस्टर जिन्यात भेटली. मी क्षमा मागू लागले, तर तिने मला मध्येच थांबवले आणि विचारले, "आजींच्या पाठीची जखम भरली का?"