बदललेला गुडघा सुजला तर?
आमच्या घोडेगावात आजीचा बदललेला गुडघा सुजला, ताप आला. आम्ही मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं. ताप उतरला, आम्ही निवांत. आठवड्याने आजी पुण्यात आयसीयूमध्ये. बीपी घसरलेलं. सेप्सिस!

डॉक्टरांनी समजावलं. कृत्रिम सांध्यावर जंतू चिकट थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. औषध तिथे पुरेसं काम करत नाही. म्हणजे एरर मेसेज बंद, बग तसाच! मग ऑपरेशन करून सांधा धुवावा लागतो, कधी इम्प्लांटच काढावं लागतं. शिवाय आधीच गोळ्या घेतल्या की सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं.

आजी वाचली, पण आता काठी लागते. सूज, लाली, ताप, जखमेतून पाणी, काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. गोळी आधी नको!